मिस्त्री सांगतात : हळद, चांदी आणि पायातले बूट

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो, की माझ्या गॅरेजमध्ये जुगाडाची उधारीची वही आहे. त्यावरच जास्त पत्रं आली. तेव्हा आधी वहीचं सांगतो, मग प्रश्नांकडे वळतो.

१९८४ साली, सोळाव्या वर्षी, मी कराडला उस्तादांच्या हाताखाली लागलो. ते किराणा दुकानात मिळते तसली लाल कापडी पाठीची वही ठेवायचे. गाडीवर तात्पुरतं काम केलं की गाडीचा नंबर, काय केलं ते आणि तारीख. पक्कं काम झालं की त्यावर आडवी रेघ. ‘जुगाड म्हणजे गाडीकडून घेतलेलं उसनं. आपण विसरलो तरी ती विसरत नाही,’ असं ते म्हणायचे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चारच शब्द होते : ब्रेक, स्टेरिंग, टायर, पायताण. खाली रेघ मारून : ‘यांना उधार नाही.’ पहिले तीन मला पहिल्याच दिवशी कळले. चौथा कळायला दोन वर्षं लागली आणि एक नख गेलं.

प्रश्न : कराडहून घरी येताना कुंभार्ली घाटात गाडी तापली, बोनेटमधून वाफ यायला लागली. मागून आलेल्या ट्रकवाल्याने रेडिएटरला बारीक भोक पडलंय असं सांगून त्याच्या डब्यातली मूठभर हळद आत टाकली. गळती थांबली! या गोष्टीला तीन आठवडे झाले, गाडी व्यवस्थित चालते आहे. आता काही करायची गरज आहे का? गाडी बारा वर्षांची आहे.
— निवृत्त कारकून, चिपळूण

उत्तर : आहे, आणि उद्याच आहे. पण आधी त्या ट्रकवाल्याला माझा नमस्कार. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते, पाण्याबरोबर फिरते आणि जिथून पाणी बाहेर पडतंय तिथेच जाऊन बसते. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर बुजतं. कुणी अंड्याचा पांढरा बलक टाकतात, तोही गरम पाण्यात थिजून तेच काम करतो. आमच्या बाजूला हळद जास्त चालते. सांगली जवळ, दुसरं काय.

गंमत अशी, की हळदीला भोक कुठलं आणि वाट कुठली हे समजत नाही. हीटरच्या नळ्या बारीक असतात, तिथेही ती बसते. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये साका धरते. म्हणजे आज जिने गाडी वाचवली तीच उद्या एप्रिलच्या उन्हात गाडी तापवणार. रेडिएटर उतरवून दोन्ही बाजूंनी धुऊन घ्या, भोक झाळून मिळत असेल तर झाळा, नाहीतर बदला. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचा रेडिएटर अल्युमिनियमचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. गळती त्या दोन्हींच्या सांध्यात असेल तर हळद सोडा, हळदीचं पोतं ओतलं तरी उपयोग नाही.

घरी गेल्यावर आणखी एक बघा. इंजिन थंड असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा. आतून चहाच्या सायीसारखं दुधी काही दिसलं किंवा गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून बराच वेळ पांढरा धूर येत राहिला, तर हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पाणी-ऑइल अडवणारं पॅकिंग, गेलं असण्याची शक्यता मोठी. मग माझं पत्र वाचत बसू नका.

आता पुढच्या वेळेसाठी. घाटात काटा वर चढू लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. घाम येईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो आत खेचतो. गाडी बाजूला घ्या आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हे मी दरवर्षी लिहितो, तरी दर मे महिन्यात कुणीतरी हाताला फडकं गुंडाळून माझ्या दारात येतोच. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकर. महाबळेश्वरला उघड्या भांड्यात पाणी साधारण ९५ अंशालाच उकळतं. झाकणाखाली हवेइतकाच जादा दाब असला की तेच पाणी १२० अंशापर्यंत न उकळता राहतं. झाकण उघडलंत की दाब जातो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. अर्धा तास थांबा. बोनेट उघडं ठेवा, चहा प्या.

भोक रेडिएटरला नसून होज पाइपला, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीला, असेल तर हळद विसरा, सायकलची जुनी ट्यूब काढा. दोन बोटं रुंद पट्टी कापायची, पाइप पुसून कोरडा करायचा आणि पट्टी ताणून एकावर एक वेढे द्यायचे, वर तार आवळायची. मग पाणी भरून झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवायचं, म्हणजे आत दाब धरत नाही आणि पट्टी टिकते. बदल्यात पाणी लवकर उकळतं, म्हणून हळू चालवायची आणि थांबून थांबून पाणी घालायचं. या एका पट्टीवर मी माणसं पाटणपासून कराडपर्यंत आणली आहेत. माझ्या डिकीत साबणाच्या वडीशेजारी ट्यूब असतेच. (वडी कशाला? दगड लागून पेट्रोलची टाकी पाझरली तर ओल्या भेगेवर घासायला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही.)

आणि एक रागाची गोष्ट. गाडी तापते म्हणून नेली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकून देतात आणि ‘झालं काम’ म्हणतात. काटा खाली राहतो, मालक खूश. पण मग इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आत झीज वाढते. हा जुगाडही नव्हे, कारण जुगाड करणाऱ्याला तो जुगाड आहे हे ठाऊक असतं.

बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. कूलंट घाला, निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. सांडलेलं लगेच धुवा. ते चवीला गोड असतं आणि जहर असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

प्रश्न : हेडलाइटचा फ्यूज सारखा उडतो. मित्राने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवून दिली. आता उडत नाही. चालेल ना?
— विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : उडत नाही, हाच तर घोटाळा आहे. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. चांदी जळत नाही, मग वायर जळते, आणि वायर डॅशबोर्डच्या मागे असते. आजच काढा. फ्यूजच्या अंगावर आकडा असतो. रंगही ठरलेले : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. अडचणीत रेडिओचा किंवा मागच्या वायपरचा त्याच आकड्याचा फ्यूज काढून हेडलाइटला लावा, हा खरा जुगाड. तोही उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागते आहे. इलेक्ट्रिशियनकडे जा. मित्राकडे नको.

प्रश्न : पिकअपच्या पुढच्या टायरला बाजूने चीर गेली आहे. ट्यूबचं टायर आहे. पंक्चरवाला म्हणतो आतून गेटर टाकून देतो, ऊस संपेपर्यंत काढा. ट्रॉलीला तर आम्ही नेहमीच टाकतो.
— ऊस वाहतूकदार, शिराळा तालुका

उत्तर : ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गेटर म्हणजे जुन्या टायरचा कापलेला तुकडा. चिरेच्या आतल्या बाजूने तो ठेवतात, ट्यूबच्या दाबाने तो दबून बसतो आणि ट्यूब चिरेतून बाहेर डोकावत नाही.

ट्रॉली रानातून कारखान्यावर बैलाच्या चालीने जाते. टायर बसलं तर ट्रॉली एका बाजूला कलते, शिव्या देऊन आपण जॅक लावतो. तिथे टाका, मी अडवत नाही, तारीख मात्र लिहा. पिकअपचं पुढचं टायर म्हणजे स्टेरिंग. वहीच्या पहिल्या पानावरच्या दोन गोष्टी एका जागी आल्या.

हिशोब करून बघा. तुमच्या टायरचा घेर धरा दोन मीटर. म्हणजे किलोमीटरला पाचशे फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबते, एकदा सुटते. कराड ते पुणे एकशे साठेक किलोमीटर, म्हणजे ऐंशी हजार वेळा ती चीर उघडणार आणि मिटणार. वजन पेलतो तो रबर नव्हे, रबराच्या आतला दोरा. तुमचा दोरा तुटला आहे. वर गेटर ट्यूबला घासून तापतो तो वेगळाच. पुढचं टायर नवीन घ्या. चिरलेलं स्टेपनीलासुद्धा ठेवू नका, कारण स्टेपनी रात्री, पावसात आणि घाईतच लागते.

नवीन घेताना टायरच्या कडेवर चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. दुकानदार ‘नवं’ म्हणतो ते न वापरलेलं असतं, ताजं असेलच असं नाही.

स्टेपनी शब्द कुठून आला हे मागे एकाने विचारलं होतं. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. ती गल्ली आपल्या डिकीत येऊन बसली.

प्रश्न : मुलगा यंदा आयटीआयला मेकॅनिक डिझेलला लागला. सेफ्टी बूट आणायला सांगितलेत. तो तीन हजारांचे मागतोय, बाजारात सहाशेलाही मिळतात. ह्यांचं म्हणणं, आम्ही सगळा जन्म चपलेवर काढला, काय झालं? काय घ्यावं?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, ह्यांना सांगा की मीही चपलेवरच सुरुवात केली होती. घरून निघालो तेव्हा वडिलांनी त्यांच्या टायरच्या वहाणा दिल्या होत्या. ट्रकच्या टायरचा तळ, वर पट्ट्या, खाली खिळे. बाभळीचा काटा त्यातून वर येत नाही, रानात त्यांच्यासारखं काही नाही. पण काटा खालून येतो. गॅरेजमधलं संकट वरून येतं.

१९८६ च्या पावसाळ्यात एका ट्रकच्या मागच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, लोखंडी पाटे उतरवत होतो. हाताला ग्रीस, घोडीवर गाडी. एक पाटा सटकला आणि डाव्या अंगठ्यावर उभा पडला. पुढचं फार आठवत नाही. उस्तादांनी मला उचलून रिक्षात घातलं एवढं आठवतं. नख गेलं, परत आलं ते वाकडं. आजही पाऊस येणार असला की तो अंगठा आधी सांगतो. बरा होऊन आलो तर उस्तादांनी वही उघडून चौथ्या शब्दावर बोट ठेवलं. बोलले काहीच नाहीत. त्याच रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात नेलं आणि मिलिटरीचे वापरलेले बूट घेऊन दिले, पगारातून दर आठवड्याला कापून. त्या बुटांना मी तीनदा तळ बसवला. वरचं कातडं अकरा वर्षं टिकलं.

आता तुमच्या कामाचं. बुटावर, नाहीतर खोक्यावर, आयएसआयची खूण आणि ‘आयएस १५२९८, भाग २’ असं छापलेलं आहे का बघा. या प्रकारच्या बुटाच्या चवड्यावरची टोपी २०० जूलचा मार सोसते. म्हणजे वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं आत शाबूत. त्याच क्रमांकाच्या भाग ३ मध्ये मार निम्मा धरलेला आहे, आणि भाग ४ च्या बुटाला टोपी असेलच असं नाही. दिसायला तिन्ही काळेच. दुकानदाराला भाग विचारा, तो तुमच्याकडे नीट बघायला लागेल.

सहाशेचे आणि तीन हजारांचे यांत खरा फरक तळाला असतो. स्वस्त बुटाचा तळ बहुतेक नुसता चिकटवलेला. डिझेल, ऑइल आणि पावसाचं पाणी यांनी चिकटवलेलं सुटतं, मग मुलगा तो पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवणार, मग तारेने बांधणार. साच्यात ओतलेला पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा) तळ हलका आणि मऊ, दिवसभर सिमेंटवर उभं राहायला बरा, तेलालाही टिकतो. पण त्याला दमट हवेचा रोग आहे. न वापरता ठेवला तरी काही वर्षांत आतून विरतो. चिपळूणच्या एका गिऱ्हाइकाने जपून ठेवलेले नवे बूट पाच वर्षांनी माळ्यावरून काढले, चार पावलं चालला आणि अंगणभर रव्यासारखा भुगा. म्हणून पीयूचे घेतले तर वापरायचे, ‘चांगले आहेत’ म्हणून ठेवायचे नाहीत, आणि दोन आकार मोठे तर मुळीच घ्यायचे नाहीत. तिसरा प्रकार नायट्राइल रबराचा तळ. जड, महाग, पण गरम सायलेन्सरवर पाय पडला तरी वितळत नाही. वरचं कातडं आणि तळ यांच्या मध्ये पट्टी घालून शिवलेला असेल तर सोन्याहून पिवळं, झिजल्यावर उसवून नवा तळ बसतो. अशी शिवण दिसली तर तीन हजार डोळे झाकून द्या. नुसती शोभेची शिवण असेल तर नको. तळ वाकवून बघा, दोरा तळात शिरतोय की रबरावर नुसती नक्षी आहे ते कळतं.

खरेदीला संध्याकाळी न्या, दिवसभरात पाय फुगतो. जाड सुती मोजे घालूनच माप द्यायचं. टोपीला बोटं लागता कामा नयेत, उतारावर उभं राहायला सांगा. माझा सल्ला : सहाशेचे नको, तीन हजारांचेच हवेत असंही नाही. भाग २ छापलेले, कातडी, दीड-दोन हजारांत मिळाले तर पहिल्या वर्षाला पुरे. पुढे कमवायला लागला की शिवलेले स्वतःच्या पैशांनी घेईल, तेव्हा जास्त जपेल.

भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्याला ठेवायचे. चुलीजवळ नको, उन्हात नको, कातडं तडकतं. महिन्यातून एकदा फडक्याने थोडंसं एरंडेल. कोल्हापूरकडे नव्या वहाणांना तेल पाजतात तसं भरमसाट नको, ते बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं असतं, या बुटाचं वेगळं. बॅटरीचं ॲसिड सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने आणि मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, नाहीतर आठवड्यात जाळी होते.

तळ उसवला तर पंक्चरवाल्याकडे पाठवू नका, गटईवाल्याकडे पाठवा. स्टँडसमोर छत्री लावून बसलेल्या त्या माणसाला दोन पदरी शिवण येते. तीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.

प्रश्न : भर पावसात वायपर बंद पडला तर तंबाखू चोळतात म्हणे. खरं की थाप?
— वाचक, महाड

उत्तर : खरं. ओली करून काचेवर बाहेरून चोळली की थेंब गोळा न होता पाणी पसरून वाहतं, समोरचं बऱ्यापैकी दिसतं. कापलेला बटाटाही चालतो. दहा-पंधरा मिनिटांनी परत चोळावं लागतं. मी एकदा हेळवाकपासून पोफळीपर्यंत दोन्ही वायपरना सुतळी बांधून, दोन टोकं दोन खिडक्यांतून आत घेऊन आलो. एक टोक माझ्याकडे, एक किन्नरकडे, म्हणजे गाडीच्या क्लीनरकडे. तो ओढायचा, मी ओढायचो. घाट उतरेपर्यंत दोघांच्या बाह्या ठिबकत होत्या आणि तो मध्येच झोपला.

प्रश्न : मिस्त्रीकाका, दुसऱ्याला सांगता ते ठीक. तुमच्या स्वतःच्या गाडीवर किती उधारी आहे?
— एक जुनं गिऱ्हाईक, पाटण

उत्तर : अक्षरावरून ओळखलं तुला. स्कूटरच्या सीटचं कुलूप गेलंय, ते ट्यूबच्या पट्टीने बांधलंय. मागच्या नंबरप्लेटला एक नट कमी आहे, तिथे तार. आरशाची तडकलेली मान फेविक्विक आणि खायचा सोडा घालून जोडली आहे, ती आता मूळच्यापेक्षा घट्ट झाली. तिन्हींची नोंद वहीत आहे.

चौथी बायकोने काल शोधून काढली. माझ्या उजव्या बुटाची नाडी म्हणून क्लच केबलचं आतलं तार ओवलेलं आहे. नाडी वीस रुपयांची, दुकान समोर. तिने वही मागवून स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तारखेच्या जागी ‘दिवाळीच्या आधीपासून’ एवढंच. कुठली दिवाळी, ते विचारू नकोस.